लोणावळ्याच्या रानातील मागणे

आज नाताळ. बेथलेहेमच्या गोठ्यातील त्या रात्रीचे स्मरण करण्याचा आणि एकमेकांस प्रेमाच्या शुभेच्छा देण्याचा हा दिवस. प्रीती हा शब्द वर्षभरात जितका उच्चारला जात नसेल तितका आज एका दिवसात उच्चारला जातो. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांची खूण म्हणून विशिष्ट वेष सांगितला नाही, की मुद्रा सांगितली नाही. शिष्यांची परस्परांवरील प्रीती पाहूनच लोकांनी त्यांस ओळखावे, अशी त्याची अपेक्षा होती. ही अपेक्षा ऐकावयास गोड आहे, आचरावयास फार कठीण आहे. आपल्या माणसांवर प्रेम करणे कोणास शिकवावे लागत नाही. परक्यावर, अस्वच्छावर, भांडखोरावर, समाजाने वाळीत टाकलेल्यावर प्रेम करणे मात्र शिकावेच लागते, आणि ते शिकण्यास कधी कधी सारा जन्म पुरत नाही. महाराष्ट्रात एका विदुषीने हा धडा आयुष्यभर गिरविला. पंडिता रमाबाई हे तिचे नाव. तिच्या या अभ्यासातील एक पाठ आमच्या मावळातील लोणावळ्याच्या रानात, एका पहाटे झाला होता. नाताळच्या दिवशी त्या पहाटेची आठवण करावी असे आम्हांस वाटते.

पावसाळ्यात भुशीच्या धरणावर माणसांची जत्रा भरते. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरते आणि मुंबई-पुण्याची तरुण मंडळी त्यात चिंब होतात. डिसेंबरात तेथे गेल्यास भुशी निराळी दिसते. पायऱ्या कोरड्या असतात, पाणी निश्चल असते, आणि डोंगरांच्या कडेने उन्हे हळूहळू खाली उतरत असतात. हे धरण हौसेसाठी बांधलेले नव्हे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, घाट चढून आलेल्या इंजिनांस पाण्याची गरज पडू लागली, आणि ती भागविण्यासाठी रेल्वे कंपनीने त्या दशकाच्या उत्तरार्धात येथे पाणी अडविले. ज्या इंद्रायणीचे हे पाणी, ती येथूनच पुढे देहू आणि आळंदीला जाते. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पायांशी वाहणाऱ्या नदीचा उगम या डोंगरांत आहे, हे येथे उभे राहिले म्हणजे मनास वेगळेच जाणवते.

रेल्वे आली तशी लोणावळ्याची थंड हवा साऱ्यांस सोयीची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे ख्रिस्ती मंडळींचे उपासना-मेळावे भरत. गावोगावचे मिशनरी आणि देशी ख्रिस्ती लोक काही दिवस येथे येऊन राहत, प्रार्थना करीत, प्रवचने ऐकत. १८९६ साली अशाच एका मेळाव्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह आल्या होत्या. त्यावेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. एवढ्या वयात त्यांनी जे भोगले होते ते ध्यानात घेतल्यावाचून त्या पहाटेचा अर्थ लागणार नाही.

भुकेची ओळख

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्याच एका रानात, कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. लोकांचा रोष झाला तरी ते डगमगले नाहीत. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या आपल्या धाकट्या मुलीस दिली. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रेला निघाले. वर्षानुवर्षे गावोगाव हिंडणे, देवळात मुक्काम करणे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करणे, हेच त्यांचे जीवन झाले.

तशात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडी विकली गेली. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेविली आहे. १८७४ साली वडील गेले. त्यामागोमाग काही महिन्यांतच आई आणि थोरली बहीण गेली. आई अखेरच्या आजारात असताना तिने बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागितला. सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली, परंतु मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न मागताच ओळखले आणि भाकरी दिली. ती आणली तेव्हा आईच्या अंगी खाण्याचे बळ उरले नव्हते. आईस स्मशानात नेण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा खांदेकरी भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीचे टोक तिने डोक्यावर घेतले आणि स्मशानाची वाट चालली.

ही हकीगत आम्ही विस्ताराने सांगितली, कारण रमाबाईंच्या पुढील चरित्राची किल्ली येथे आहे. भुकेलेल्या माणसास भूक सांगताही येत नाही, हे त्या ग्रंथांतून शिकल्या नव्हत्या. परक्या दारात उभे राहून त्यांनी ते अनुभवले होते. आणि न मागता भाकरी देणारी ती शेजारीणही त्यांनी पाहिली होती.

विद्या, वैधव्य आणि विलायत

बहीणभाऊ पायी हिंडत काश्मीरपर्यंत जाऊन आली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी विवाह केला. ते ब्राह्मणेतर होते, प्रांतही निराळा, तेव्हा दोन्हीकडून टीका झाली. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. लग्नास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-वैद्य तयार करण्याची निकड सरकारपुढे मांडली. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनी-मठात राहिल्या.

तेथील भगिनींनी त्यांना एकदा लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपले कार्य दाखविण्यास नेले. समाजाने ज्यांस पतित म्हणून टाकून दिले अशा स्त्रियांचा तो आश्रम होता. कुलीन घरांतील शिकलेल्या भगिनी त्या स्त्रियांस आपल्या पंक्तीस घेत, त्यांची शुश्रूषा करीत, त्यांच्याशी आदराने बोलत. रमाबाई हे पाहून थक्क झाल्या. अशा स्त्रियांविषयी दया बाळगावी असे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. सर्व शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या पंडितेस तेथे प्रथमच प्रश्न पडला, की या बायकांस हे करावयास कोण लावते? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी न्यावयास आलेली, परजातीची आणि संसारात बदनाम झालेली ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी संभाषण करणारा येशू. रमाबाईंच्या मनाचा कल तेथे ठरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांची स्वतंत्र बुद्धी मावळली नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्यांनी सिद्धांतांवर सडेतोड वाद घातला. कोणी सांगितले म्हणून मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला परंतु ख्रिस्त सापडला नाही, असे त्यांना पुढे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास वाटू लागले. मत पटणे निराळे आणि जीव पालटणे निराळे, हा भेद त्यांनी स्वतःच्या बाबतीत निष्ठुरपणे केला. आमच्या मते शिष्यत्वाचा खरा आरंभ अशा प्रांजळपणातून होतो.

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. पुढे अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या, हिंदू विधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेथील सहानुभूतीदारांची एक संस्था बोस्टन येथे उभी राहिली. तिच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर ‘शारदा सदन’ सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ठीक चार वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांच्या बाया त्या याच. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

सदनात धर्माची सक्ती नव्हती. मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हे एका वाक्यात सांगून मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्यांनी धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून आपल्या लेकीसुना तेथे धाडल्या त्यांना चिंता वाटली, यात नवल नव्हते. परकी सत्ता आणि परका धर्म हातात हात घालून आलेला तो काळ होता. उलट, आपल्या मनातील सर्वांत मोलाची गोष्ट मुलींपासून दार लावून लपवावी, हे रमाबाईंसही पटणारे नव्हते. दोन्ही बाजूंस सच्ची माणसे होती, म्हणूनच तो वाद इतका कडू झाला. त्यात खरा तोटा झाला तो काढून नेलेल्या त्या मुलींचा. त्यांपैकी कित्येकींच्या हातची पाटी पुन्हा सुटली. प्रेम करू पाहणाऱ्या माणसास हीही एक शिकवण आहे. आपले मन निर्मळ असले म्हणजे इतरांच्या शंका आपोआप मिटतात असे नाही, आणि त्या शंकांची किंमत पुष्कळदा दुबळ्यांस मोजावी लागते.

ती पहाट

अशा अवस्थेत, १८९६ साली, रमाबाई लोणावळ्यास आल्या. बरोबर ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या पंधरा मुली होत्या. मेळाव्यातील एके दिवशी त्या पहाटेच उठून रानातील एका निवांत जागी एकट्या गेल्या. सूर्य उगवत होता. मावळातील पहाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या देखाव्याचे वर्णन सांगावयास नको. आधी डोंगरांच्या कडा उजळतात, दऱ्यांत मात्र काळोख तसाच साठून असतो, आणि मग प्रकाश हळूहळू खाली पाझरतो. तो प्रकाश पाहताना रमाबाईंच्या मनात आपल्या देशातील अंधारात बसलेल्या असंख्य स्त्रिया आल्या. या पंधरा मुली देवाने आपल्याला दिल्या याबद्दल त्या कृतज्ञ होत्या. तेवढ्यात एक धाडसी मागणे त्यांच्या मनात उभे राहिले. पुढील मेळाव्यापर्यंत देवाने या संख्येचा वर्ग करावा. पंधराचे दोनशे पंचवीस व्हावेत.

मागणे मागून झाले आणि लगेच हिशेबी मन जागे झाले. शारदा सदनात त्या वेळी सगळ्या मिळून सुमारे पन्नास मुली. नव्या येण्याची आशा थोडी. लोकमत विरुद्ध गेलेले. अमेरिकेतील साहाय्याचा दहा वर्षांचा करार संपत आलेला. दोनशे पंचवीस कोठून येणार? तथापि देवास काही असाध्य नाही या विश्वासाने त्यांनी ते मागणे आणि ती पहाट आपल्या बायबलात टिपून ठेविली, आणि मुलींनाही या प्रार्थनेत सहभागी करून घेतले.

यात आम्हांस एक गोष्ट लक्षणीय वाटते. त्या पहाटे रमाबाईंनी जे मागितले ते आपल्या श्रद्धेत सहभागी होणाऱ्या मुली मागितल्या. भक्तांनी वाढावे, मंडळी भरावी, ही कोणत्याही भाविकाची इच्छा असते. उत्तर आले ते मात्र निराळ्या रूपात आले. भक्तीच्या जागी भूक दारात येऊन उभी राहिली.

दुष्काळाचे उत्तर

त्याच वर्षी पाऊस हुकला. मध्य प्रांतात दुष्काळाने थैमान घातले आणि बातम्या पुण्यास येऊ लागल्या. रमाबाईंची पहिली प्रतिक्रिया काय झाली? त्या बिचकल्या. जवळ पैसा नाही, प्रकृती धड नाही, एवढ्या मोठ्या संकटात एका दुबळ्या बाईने काय करावयाचे, असे विचार मनात आल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. चरित्रनायकांस जन्मतःच थोर ठरविणाऱ्या लेखकांस ही कबुली गैरसोयीची वाटेल. आम्हांस ती मोलाची वाटते. प्रेमास प्रथम उबळ येत नाही, प्रथम सबबी सुचतात. त्या सबबींपलीकडे रमाबाईंस नेले ते बावीस वर्षांपूर्वीच्या आठवणीने. बाजरीच्या भाकरीच्या एका तुकड्यासाठी परक्या दारात उभी असलेली ती मुलगी त्यांना पुन्हा दिसू लागली.

त्या मध्य प्रांतात गेल्या. नर्मदाकाठच्या जिल्ह्यांतील अन्नछत्रे आणि मदतकामाच्या छावण्या त्यांनी पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली मुले, आईबापांवाचून रस्त्यावर पडलेल्या मुली, आणि त्या मुलींवर नजर ठेवून फिरणारी माणसे. भुकेपेक्षाही हे दुसरे संकट भयंकर आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. मिळतील तेवढ्या मुली आणि तरुण विधवा त्यांनी गोळा केल्या. काही महिन्यांत ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पंधराचा वर्ग केव्हाच ओलांडला होता.

पुण्यात मात्र तेव्हा प्लेगची साथ होती. नव्याने आलेल्या इतक्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. बेथलेहेमच्या धर्मशाळेत त्या रात्री जागा नव्हती, ही कथा आज आपण मुलांस सांगतो. या मुलींसही पुण्यात जागा नव्हती. पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे, त्याच रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेविली होती. तेथे फळबाग करून सदनास उत्पन्न मिळवावे असा बेत होता. बागेच्या जागी तंबू आणि छपरे उभी राहिली. १८९८ मध्ये पक्की इमारत झाली आणि ‘मुक्ती’ हे नाव त्या वस्तीस मिळाले.

शिकविणाऱ्यांची शाळा

दुष्काळातून आलेल्या मुलींविषयी करुणा वाटणे सोपे होते. त्यांच्याबरोबर राहणे सोपे नव्हते. त्यांच्या अंगावर खरूज होती, केसांत उवा होत्या. कित्येकींस अन्न चोरून लपविण्याची सवय जडली होती, कारण उद्या मिळेल असा भरवसा त्यांना कधी नव्हता. भांडणे, शिव्या, पळून जाणे, सर्व काही होते. आजारी पडून काही मेल्याही.

आता सदनातील जुन्या मुलींकडे पाहावे. त्यांतील बहुतेक उच्चवर्णीय बालविधवा होत्या. सोवळ्याओवळ्याच्या घरांत वाढलेल्या. कालपर्यंत त्या स्वतः विद्यार्थिनी, दुसऱ्याच्या दयेवर राहणाऱ्या. रमाबाईंनी या थोरल्या मुलींकडे धाकट्या मुलींची देखभाल सोपविली. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, जेवू घालणे, अक्षर शिकविणे, रात्री जवळ घेऊन निजविणे, ही कामे त्यांनी करावयाची होती. ज्यांची सावली टाळावयास शिकविले होते त्यांच्या डोक्यातील उवा काढावयाच्या होत्या. लोणावळ्याच्या प्रार्थनेत सहभागी झालेल्या मुलींस त्या प्रार्थनेचे उत्तर असे स्वतःच्या हातांनी उचलावे लागले. ज्या विधवेस अपशकुनी म्हणून घरच्यांनी कोपऱ्यात बसविले होते, तिच्या गळ्यात हात टाकून एखादे लहान पोर झोपू लागले, म्हणजे दोघींचेही काही दुखणे बरे झाले असले पाहिजे. एकमेकींवर प्रीती करणे म्हणजे काय, याचे शिक्षण केडगावास प्रवचनातून थोडे आणि न्हाणीघरात पुष्कळ मिळाले, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई बिचकल्या नाहीत. त्या वेळी मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली. विणकाम, शेती, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग तेथे स्त्रियांच्या हातांनी चालू लागले. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. आणि ‘कृपा सदन’ या नावाने एक वेगळे घर उघडले गेले. ते कोणासाठी? समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅमला १८८३ साली पाहिलेला धडा असा सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर उतरला. मध्यंतरी रमाबाई ग्रंथ वाचीत होत्या, वाद करीत होत्या, संस्था उभारीत होत्या. परंतु खरा अभ्यास मनात संथपणे चालू होता, हे या कृपा सदनावरून कळते.

अखेरचा पाठ

रमाबाईंची राहणी अखेरपर्यंत साधी होती. पांढरे सुती लुगडे, शाकाहार, पहाटेची प्रार्थना आणि दिवसभर काम. उतारवयात ऐकू येणे कमी झाले. तथापि त्यांनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले होते. सामान्य, अल्पशिक्षित बायकांस कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणावयाचे, आणि तेही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून. संस्कृतात ज्यांच्याशी वाद घालण्यास पंडित कचरत, त्या विदुषीने आपल्या पांडित्याचा अखेरचा उपयोग सोपे लिहिण्यासाठी केला. छपाईही मुक्तीच्या छापखान्यातच व्हावयाची होती.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईच्या कार्याचा भार तिच्याच खांद्यावर होता आणि पुढेही तीच ते चालविणार, असे सर्वांनी धरून ठेविले होते. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी रमाबाईंस पोटच्या एकुलत्या मुलीचा वियोग पाहावा लागला. लहानपणी आईच्या तिरडीस डोके देणारी मुलगी आता स्वतः म्हातारी झाली होती. मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. ते पुरे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेविला. केडगावचे मुक्ती मिशन मात्र चालूच राहिले आणि आजही निराधार स्त्रिया व मुलांस तेथे आसरा मिळतो. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. जिवंतपणी ज्या पुण्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली, त्या पुण्यासह साऱ्या महाराष्ट्राने कालांतराने त्यांचा मोठेपणा मान्य केला.

रमाबाईंच्या साऱ्या मतांशी आपण सहमत व्हावे असे नाही. धर्मांतराचा प्रश्न तेव्हा नाजूक होता, आजही आहे. परंतु दारात आलेल्या भुकेल्या मुलीस त्यांनी जेवू घातले, न्हाऊ घातले, अक्षर शिकविले, आणि ती भांडली, चोरी केली, पळून जाऊन परत आली तरी दार लावून घेतले नाही, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रीतीची पारख येथे होते.

आज उपासना आटोपून, नवे कपडे घालून, केक आणि करंज्यांचे ताट शेजाऱ्यांकडे धाडताना आपणही मनात काही ना काही मागत असू. कोणी मुलांचे भले मागेल, कोणी मंडळीची वाढ मागेल, कोणी स्वतःस अधिक प्रेमळ कर असे मागेल. मागावे. मात्र उत्तर कोणत्या रूपात दारी येईल, हे ठरविणे आपल्या हाती नसते, एवढे ध्यानात ठेवावे. ते घरातील चिडखोर म्हाताऱ्याच्या रूपात येईल, बोलणे तुटलेल्या भावाच्या रूपात येईल, कामास येणाऱ्या बाईच्या आजारी पोराच्या रूपात येईल. त्यास ओळखण्याची दृष्टी हवी. न मागता भाकरी देणाऱ्या त्या अनाम शेजारणीपाशी ती होती. तिला कोणी शिष्यत्वाचे पाठ दिले नव्हते. रमाबाईंनी तिच्याकडून घेतलेले ऋण हजारो मुलींस भाकरी देऊन फेडले.

भुशीच्या पाण्यावर आजही पहाट होईल. प्रथम डोंगरमाथे उजळतील आणि मग तो उजेड दरीत उतरेल. तसाच तो आमच्या वाचकांच्या घरांत आणि मनांत उतरो. सर्वांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.